माणशी ॲव्हरेज बघा: गोव्यातल्या मोठ्या कुटुंबासाठी गाडी निवडताना

चवथ म्हणजे गणेश चतुर्थी जवळ आली, डिचोलीच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं सामान लागलं की आमच्या घरात दरवर्षी एकच बोलणं निघायचं. गावच्या घरी कोण कुठल्या गाडीतून जाणार? घरात माणसं सात: आई, बाबा, आम्ही नवराबायको, भाऊ, भावजय आणि माझा मुलगा. दोन लहान गाड्या काढायच्या, एकीत माणसं आणि दुसरीत माणसं अधिक सामान, आणि दोन्हींच्या टाक्या भरायच्या. शेवटी सात सीटची एक गाडी घेतली. ती घेताना मी जे बघायला हवं होतं ते बघितलं नाही. शोरूममध्ये टांगलेल्या कार्डावरचा ॲव्हरेजचा आकडा बघितला, हप्ता बसतो का ते बघितलं आणि सही केली. सेल्समनने सांगितलेल्या लिटरला वीस किलोमीटरच्या जागी हातात तेरा पडले. वर्षभराने वही काढून बसलो तेव्हा कळलं की मागची सीट वर्षात जेमतेम पंचवीस दिवस उघडली होती. उरलेले दिवस एवढं धूड मी एकटा पणजीला घेऊन जात होतो.

म्हणून गोव्यात पहिल्यांदाच मोठी गाडी घेणाऱ्यांसाठी, आणि महाराष्ट्रातून इथे राहायला आलेल्यांसाठीही, हे सविस्तर लिहितो आहे. माझं एकच म्हणणं आहे. गाडीचा ॲव्हरेज बघू नका, माणशी ॲव्हरेज बघा. एका लिटरमध्ये किती माणसं किती लांब गेली, हा खरा हिशेब.

आधी महिनाभर वही घाला

शोरूमला जाण्याआधी एक महिना घरातली प्रत्येक फेरी लिहून ठेवा. कोण गेलं, किती जण होते, किती किलोमीटर, सामान किती. मोबाईलवर लिहा किंवा फ्रीजवर कागद चिकटवा, पण लिहा. आठवणीवर भरवसा ठेवलात तर फक्त मोठे प्रवास आठवतील. शाळेची फेरी, दूध-भाजी, बाबांना डॉक्टरकडे नेणं हे सगळं विसरलं जातं, आणि पेट्रोल तर त्यातच जातं.

आता आकडे मांडू. हिशेबाला सोपं जावं म्हणून पेट्रोल 100 रुपये लिटर धरा. आम्ही कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला जातो तेव्हा जाऊन-येऊन साधारण 60 किलोमीटर पडतात. प्रत्येकी 17 देणाऱ्या दोन लहान गाड्या काढल्या तर सात लिटर लागतात. 13 देणारी एक मोठी गाडी काढली तर साडेचार लिटरच्या थोडं वर. म्हणजे कमी ॲव्हरेजवाली गाडी इथे स्वस्त पडली, कारण ती भरलेली होती.

हीच गाडी रोज एकट्याने पणजीला नेली तर काय होतं? 22 दिवस, रोजचे 60 किलोमीटर, म्हणजे 1,320 किलोमीटर. 13 च्या हिशेबाने 101 लिटर. 45 देणारी स्कूटर नेली असती तर 29 लिटर. महिन्याला सात हजार रुपयांचा फरक, आणि तो गाडीच्या कंपनीने केलेला नव्हता, माझ्या सवयीने केला होता.

तेव्हा वहीत बघा: पाचपेक्षा जास्त माणसं वर्षातून किती दिवस एकत्र जातात? दहा-बारा दिवसच निघाले तर सात सीटच्या गाडीचा विचार सोडा. पाच सीटची चांगली गाडी घ्या आणि त्या दहा दिवसांना भाड्याची गाडी करा. गोव्यात काळ्या पाटीवर पिवळे अंक असलेल्या, स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाड्या जागोजागी मिळतात. आठवड्याला दोनदा सहा-सात जण बसत असतील तर मात्र मोठी गाडी घ्याच. आणि ती घेतली तरी घरातली स्कूटर विकू नका. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को या शहरांना जोडणाऱ्या कदंबच्या, म्हणजे सरकारी, शटल बस आहेत. एकट्यादुकट्याने जायचं असेल तेव्हा त्या वापरा.

सीट मोजू नका, माणसं बसवून बघा

सात सीट म्हणजे चालकासह सात. मुलाला मांडीवर घेतलं की आठ होतात, पण आरसीवर सातच लिहिलेले असतात, आणि अपघातात मांडीवरच्या मुलाला धरून ठेवणारं काहीच नसतं. हा हिशेब घरातच करून टाका.

मग सगळ्यांना शोरूमला न्या. सगळ्यांना म्हणजे आईला आणि आजीलाही. मी दुसऱ्या खेपेला हे केलं. एका गाडीत आईला मागच्या रांगेत जायला सांगितलं. तिने डाव्या हाताने निऱ्या आवरल्या, उजव्या हाताने मधल्या सीटची पाठ धरली, एक पाय आत टाकला आणि तिथेच थांबली. पुढचा पाय टाकायला जागा नव्हती, वाकल्यावर गुडघा वळेना. सेल्समन म्हणाला, "आई, जरा तिरक्या व्हा." आई म्हणाली, "तिरकी होऊन मी मंगेशीपर्यंत जाऊ काय रे?" ती गाडी तिथेच बाद झाली. ब्रोशरमध्ये तिसऱ्या रांगेची उंची मिलिमीटरमध्ये दिलेली असते, पण साडी नेसलेल्या सत्तरीच्या बाईचा गुडघा त्यात नसतो.

मागे जो बसेल त्याला तिथे किमान वीस मिनिटं बसू द्या. गुडघे छातीशी येतात का? मागे एसीची हवा पोचते का? गोव्यातल्या मे महिन्यात मागे हवा नसली की मुलं उलट्या करतात, मग पुढून एसी पूर्ण सोडावा लागतो आणि पेट्रोल जास्त जातं. तिसऱ्या रांगेत खांद्यावरून येणारा पट्टा आहे का तेही बघा.

आता डिकी. तिसरी रांग उभी असताना मागे उरते ती जागा बघा. सेल्समन नेहमी सीट पाडून दाखवतो. रेनो ट्रायबरमध्ये सगळ्या सीट उभ्या असताना 84 लिटर उरतात, म्हणजे दोन पिशव्या. मारुती एर्टिगामध्ये 209, किया कॅरेन्समध्ये 216. सात माणसं आणि चवथीचं सामान हे यातल्या एकाही गाडीत नीट मावत नाही, टपावर कॅरियर लागतोच. पण तो कॅरियर वर्षभर टपावर ठेवू नका. वारा अडतो आणि मोकळ्या रस्त्यावर ॲव्हरेज उतरतो. काम झालं की काढून गोठ्यात ठेवा.

कार्डावरचा आकडा कुठून येतो

कंपनी जो ॲव्हरेज सांगते तो खोटा नसतो, पण तो रस्त्यावरचा नसतो. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चालवतात, ठरलेल्या वेगाने, एसी बंद ठेवून. तिथे ना चोर्ला घाट, ना पर्वरीतली गाड्यांची रांग, ना सात माणसं. म्हणून हा आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरा, महिन्याच्या खर्चाला नको. खर्चासाठी मी त्यातला तिसरा हिस्सा सरळ कमी करतो. 20 लिहिले असतील तर 13-14 धरतो. माझ्या वहीने मला हेच शिकवलं.

त्यात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत थोडी घट येणारच. जुनी गाडी घेत असाल तर ती या पेट्रोलसाठी बनवलेली आहे का हे कंपनीच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर बघून घ्या.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मोठ्या गाडीत 10 वरून 12 ला जाणं हे लहान गाडीत 18 वरून 20 ला जाण्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. हजार किलोमीटरला पहिल्यात 17 लिटर वाचतात, दुसऱ्यात साडेपाच. त्यामुळे घरात दोन गाड्या असतील तर आधी जास्त पिणारी बदला.

पेट्रोल, डिझेल, सीएनजी की हायब्रीड

इथे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा सल्ला थोडा बाजूला ठेवा. त्यांचा हिशेब त्यांच्या भावांवर असतो. 2012 मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला होता. पुढे तो पुन्हा वाढला, तरी आजही गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त आहे. सावंतवाडी-दोडामार्गची माणसं इकडे आली की टाकी फुल करूनच परततात. पेट्रोल स्वस्त म्हणजे डिझेल किंवा सीएनजीच्या जादा किमतीची भरपाई व्हायला इथे जास्त वर्षं लागतात.

डिझेलचं सांगतो. घाटात, सात माणसं घेऊन, डिझेलसारखं ओढणारं दुसरं नाही. पण बीएस-6, म्हणजे धुराचे सध्याचे नियम पाळणाऱ्या, डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी धरणारा एक फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. ती काजळी जाळायला गाडी बराच वेळ सलग वेगात चालावी लागते. डिचोली ते साखळी, साखळी ते डिचोली एवढंच रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर तुंबतो, दिवा लागतो आणि खर्च अंगावर येतो. महिन्याला दीड हजार किलोमीटर आणि त्यात बेळगाव-कोल्हापूरच्या लांब फेऱ्या असतील तरच डिझेल घ्या.

सीएनजी एर्टिगाचा कंपनीचा आकडा किलोला 26.11 किलोमीटर आहे, आणि आकडा म्हणून तो सुंदर आहे. पण सिलिंडर डिकीत बसतो. सात माणसं बसली की पिशवी ठेवायलाही जागा नाही. ताकदही पेट्रोलपेक्षा कमी मिळते, हे अनमोड घाटाच्या चढावर जाणवतं. तुमच्या रोजच्या वाटेवर सीएनजी पंप आहे का, सकाळी तिथे रांग किती असते, हे स्वतः जाऊन बघा. पंपासाठी पाच किलोमीटर वाकडी वाट करावी लागली तर बचत त्या वाटेवरच संपते.

हायब्रीड या शब्दाने फसू नका. एर्टिगाला जी माइल्ड हायब्रीड म्हणतात तिच्यात बॅटरी इंजिनला थोडा हातभार लावते, गाडी ओढत नाही. टोयोटा इनोव्हा हायक्रॉसच्या वरच्या मॉडेलांमध्ये खरी हायब्रीड आहे. थांबत-सरकत चालणाऱ्या गर्दीत ती बराच वेळ बॅटरीवरच चालते, आणि कंपनीचा आकडा 23.24 आहे. एवढ्या मोठ्या गाडीला हे विलक्षणच. मला ती मनापासून आवडते. पण हिशेब करा. समजा तिची किंमत 12 लाखांनी जास्त आहे. महिन्याला हजार किलोमीटर, एक गाडी 14 देते आणि हायब्रीड 18 देते. महिन्याला 16 लिटर वाचले, म्हणजे 1,600 रुपये, वर्षाला 19 हजार. 12 लाख वसूल व्हायला साठ वर्षांहून जास्त लागतील. ती आरामासाठी, शांततेसाठी, सुरक्षेसाठी घ्या, भारत एनकॅप या अपघात-सुरक्षेच्या चाचणीत तिला पाच तारे आहेत. पेट्रोल वाचवण्यासाठी घेतो असं घरात सांगू नका.

विजेच्या गाडीकडे आता सात सीटवाल्यांनीही बघायला हरकत नाही. 2025 मध्ये कॅरेन्स क्लॅव्हिसची विजेवरची आवृत्ती आली. पत्रादेवी ते पोळे, म्हणजे गोव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा हमरस्ता, दीडशे किलोमीटरच्या आत आहे. त्यामुळे राज्यात फिरताना चार्जिंगची चिंता फारशी नाही. अडचण घराची असते. जुन्या चिरेबंदी घरातलं वायरिंग, मंजूर लोड आणि अर्थिंग आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. पावसात वाड्यावर, म्हणजे तुमच्या वस्तीत, वीज किती वेळ जाते तेही धरा. रोज 60-70 किलोमीटर आणि स्वतःच्या अंगणात पार्किंग असेल तर मी आज हाच पर्याय सगळ्यात आधी तपासला असता.

मग यादीत कोण उरलं

चार मीटरच्या आत सात सीट हव्या तर ट्रायबर. लांबी 3,990 मिलिमीटर, इंजिन एक लिटरचं. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्यांवर, म्हणजे चार मीटर आणि 1,200 सीसीच्या आतल्यांवर, जीएसटी 18 टक्के झाला आणि त्यापेक्षा मोठ्यांवर 40 टक्के. त्याचा फायदा हिला मिळतो. तिसरी रांग काढून घरी ठेवता येते. घरात मुलं लहान असतील आणि फिरणं फोंडा, पणजी, म्हापशापुरतं असेल तर ही बरोबर. सात मोठी माणसं घेऊन दर महिन्याला चोर्ल्यातून बेळगावला जायचं असेल तर नको. लहान इंजिनाला भरल्या गाडीत चढावर सतत खालच्या गिअरमध्ये ताणावं लागतं, आणि वाचवलेलं पेट्रोल तिथेच जातं.

बहुतेक घरांना एर्टिगा पुरते. दीड लिटरचं इंजिन, मॅन्युअलचा कंपनीचा आकडा 20.51, मधली रांग पुढे-मागे सरकते आणि सुटे भाग कुठेही मिळतात. टोयोटाची रूमियन हीच गाडी वेगळ्या नावाने आहे, तेव्हा दोन्हीकडे भाव विचारा. कॅरेन्स थोडी लांब, 4,540 मिलिमीटर. मागच्या रांगेत मोठ्या माणसाला जास्त बरी, आणि डिझेल हवं असेल तर तीच बघावी लागेल.

चाचणी हायवेवर नको, तुमच्या वाटेवर

शोरूमवाले सपाट, रुंद रस्त्यावर चक्कर मारून आणतात. तुम्ही गाडी तुमच्या वाड्यावर आणा. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, मध्ये एकच गाडी जाईल एवढी वाट, समोरून कोणी आलं तर मागे घ्यावी लागणार. त्या वळणावर गाडी एका दमात वळते की दोनदा मागे घ्यावी लागते? फाटक टेपने मोजा. ब्रोशरमधल्या रुंदीत बाजूचे आरसे धरलेले नसतात.

मग घरची मंडळी भरून चढावर जा. एसी चालू ठेवा. मध्येच चढावर थांबवा आणि पुन्हा उचला. क्लच जळल्याचा वास आला, किंवा पहिल्या गिअरशिवाय गाडी हलेना, तर ती गाडी तुमच्या कुटुंबाची नव्हे. सात माणसं बसल्यावर मागचा भाग खाली बसतो, तेव्हा गावातल्या हंपवर खालून घासते का ते कान देऊन ऐका. दिवाडी बेटावर फेरीबोटीने जाणाऱ्यांनी तर ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या उतरणीवर नेऊनच बघावी. रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स आणि भरलेल्या गाडीचा, यात बोटभर तरी फरक पडतो.

जुनी गाडी घेत असाल तर दोन गोष्टी. ती पूर्वी टॅक्सी किंवा भाड्याची होती का हे आरसीवरून काढा. आणि परराज्यातली असेल तर एनओसीशिवाय पैसे देऊ नका, कारण बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर गोव्याचा नंबर घ्यावा लागतो, आणि रोड टॅक्सही भरावा लागतो. आमच्याकडचा पाऊस लक्षात घेऊन गाडी लिफ्टवर चढवून खालचा पत्रा, दारांच्या कडा आणि सायलेन्सर गंजलाय का तेही मेकॅनिककडून बघून घ्या.

गाडी घरी आल्यावर

पहिल्या दोन-तीन महिन्यांत खरा ॲव्हरेज स्वतः काढा. डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेक वेळा थोडा चढाच असतो. एकाच पंपावर टाकी फुल करा, मशीन आपोआप थांबलं की तिथेच थांबा, वरून ओतायला सांगू नका. ट्रिप मीटर शून्य करा. तीन-चारशे किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल करा. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर, एवढंच. त्या टाकीत गाडीत सरासरी किती माणसं होती हेही बाजूला लिहा आणि त्याने गुणा. आमच्या गाडीचा ॲव्हरेज अजूनही 13 च्या आसपास आहे. पण मी पणजीला स्कूटरने जायला लागल्यापासून माणशी आकडा वीसच्या खालून साठच्या वर गेला.

टायरची हवा दर पंधरा दिवसांनी बघा, थंड टायरमध्ये. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर बहुतेक गाड्यांना दोन आकडे दिलेले असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि एक भरल्या गाडीसाठी. पंपावरचा मुलगा विचारतो, "किती मारू?" आणि आपण सवयीने तीस सांगतो. चवथीच्या आदल्या दिवशी स्टिकर वाचून भरल्या गाडीचा आकडा सांगा, आणि स्टेपनीलाही हवा मारून घ्या. ती सामानाखाली गेल्यावर कोणी काढत नाही.